पेशींचा शेजारधर्म

कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘श्वासमार्गातील पेशी इन्फ्लुएन्झाला कशा रोखतात’. तो मी मांडणारच आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळणारी एक गोष्ट सांगतो. फ्लूचा विषाणू ज्या पेशीत शिरला ती पेशी बहुतेक वेळा वाचत नाही. मात्र मरण्याआधी ती आजूबाजूच्या पेशींना सावध करते. आपण आठवडाभरात बरे होऊन कामाला लागतो त्यात या शेजारधर्माचा फार मोठा वाटा आहे, आणि त्याचं श्रेय त्या पेशीला कुणी देत नाही.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी आठवतात, अँटिबॉडी आठवतात. पण हिशेब करा. विषाणू पेशीत शिरल्यापासून सहा ते आठ तासांत त्याची नवी पिढी बाहेर पडू लागते. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा तरी लागतो. मधले दिवस किल्ला कोण लढवतं? बऱ्याच अंशी श्वासमार्गाचं अस्तरच, म्हणजे आतल्या बाजूचा पेशींचा थर, ज्याला आपण पाठ्यपुस्तकात नुसतं ‘आवरण’ म्हणून मोकळे होतो!

ही गोष्ट कळली कशी, ते मला सविस्तर सांगायचंय. १९३३ साली लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. त्यासाठी त्यांनी फेरेट वापरले. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट अंगाचा प्राणी, आणि त्याला आपल्यासारखाच फ्लू होतो. यातला एक फेरेट स्मिथच्या तोंडावरच शिंकला. स्मिथला फ्लू झाला, त्याच्या घशातून विषाणू मिळाला, आणि त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘डब्ल्यूएस’ म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. फेरेटचं नाव मात्र कुणी नोंदवलं नाही. (हशा)

आता त्याच संस्थेत १९५७ साली या. स्कॉटलंडचा ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेला तरुण जाँ लिंडेनमान. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींत दुसरा विषाणू वाढत नाही, हे आधीपासून माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. प्रयोग इतका साधा आहे की ऐकताना हेवा वाटावा. कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या गर्भाभोवती एक पातळ पडदा असतो. त्याचे तुकडे त्यांनी उष्णतेनं निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. मग ते धुतले आणि ताज्या द्रावणात ठेवले. काही तासांनी ते तुकडे काढून घेतले आणि उरलेल्या द्रावणात दुसऱ्याच अंड्यातले, विषाणू कधी न पाहिलेले तुकडे बुडवले. मग त्यांच्यावर जिवंत विषाणू सोडला, तर तो नीट वाढेना. द्रावणात काहीतरी उतरलं होतं. फ्लूविरोधी सीरम, म्हणजे फ्लूच्या विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी असलेला रक्तद्रव, घालूनही त्या ‘काहीतरी’चा परिणाम जाईना, म्हणजे तो विषाणूचा अंश नव्हता. ते पेशींनीच सोडलेलं होतं. त्यांनी त्याला नाव दिलं इंटरफेरॉन.

इथे एक अन्याय नोंदवला पाहिजे. टोकियोत यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ सालीच दुसऱ्या एका विषाणूच्या बाबतीत अशाच रोधक घटकाचं वर्णन केलं होतं. त्यांचा निबंध फ्रेंचमध्ये होता आणि पुढची अनेक वर्षं त्यांची नावं मागेच राहिली. आयझॅक्सच्या वाट्याला टिंगल आली, कारण पेशी इंटरफेरॉन इतकं कणभर बनवते की ते शुद्ध स्वरूपात हाती यायला दोन दशकं गेली. तोवर तो राहिला नव्हता. १९६७ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला. मला याची खरोखर हळहळ वाटते.

लिंडेनमानची गोष्ट अजून संपलेली नाही. १९६२ मध्ये त्याला ‘ए-टू-जी’ नावाच्या जातीचे उंदीर सापडले. इतर उंदीर फ्लूच्या विषाणूच्या ज्या डोसने मरत, तो देऊनही हे ठणठणीत! कारण निघालं एमएक्स नावाचं एकच जनुक. पुढे १९७९ मध्ये दिसलं की या उंदरांमधलं इंटरफेरॉन निष्प्रभ केलं की त्यांचा बचावही जातो. म्हणजे इंटरफेरॉन हा निरोप, आणि एमएक्स हे निरोप मिळाल्यावर बाहेर निघणारं हत्यार. एकाच माणसानं दोन्ही टोकं शोधली. आणि माझी तक्रार अशी की प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बहुतेक उंदरांत हे जनुक मोडलेलं असतं. माणसात ते शाबूत आहे. तरीही दशकानुदशकं आपण फ्लूचे निष्कर्ष निःशस्त्र उंदरांवरून काढत आलो.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मग मूळ विषय भरभर सांगतो.

पहिला अडथळा श्लेष्माचा. विषाणू पेशीवरच्या सियालिक आम्लाला, म्हणजे एका प्रकारच्या शर्करेला, चिकटतो, आणि श्लेष्मातही तेच आम्ल ठासून भरलेलं असतं. विषाणू तिथेच अडकतो. न्यूरॅमिनिडेझ नावाच्या विकरानं तो स्वतःला कापून सोडवू पाहतो, पण तेवढ्यात केसल पेशी त्याला वर ढकलत असतात. एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास रोमके, म्हणजे हलणारे सूक्ष्म केस, आणि सेकंदाला दहाएक फटके.

तरी तो आत शिरलाच तर रिग-आय हे प्रथिन त्याचा आरएनए ओळखतं. त्या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात. आपल्या आरएनएची टोकं झाकलेली असतात. खूण पटली की तंतुकणिकांवरून संदेश केंद्रकात जातो आणि इंटरफेरॉन बाहेर पडतं. शेजारच्या पेशी ते टिपतात आणि शेकडो जनुकं चालू करतात. त्यातलं आयएफआयटीएम-३ विषाणूला पेशीतल्या पिशवीतून बाहेर पडू देत नाही. माणसातलं एमएक्स-ए निसटलेल्याला केंद्रकाच्या वाटेवर अडवतं. विषाणूही गप्प बसत नाही; त्याचं एनएस-१ हे प्रथिन निरोप निघण्याआधीच दाबून टाकायला बघतं. सगळी शर्यत इथेच आहे.

एवढं करून बाधित पेशी बहुतेक वेळा स्वतःला संपवते आणि तळातल्या आधारपेशी विभागून तिची जागा भरतात. अस्तरातल्याच, स्राव सोडणाऱ्या काही क्लब पेशी मात्र लागण होऊनही जगतात, असं उंदरांत दिसलंय.

अंगदुखी आणि ताप यांतही इंटरफेरॉनचा हात आहे. हेपटायटिस सीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना फ्लूचा विषाणू नसतानाही फ्लूसारखीच कणकण यायची.

मग हे औषध म्हणून सरसकट का देत नाही, असं कुणीतरी विचारणारच. उंदरांवरच्या प्रयोगांत इंटरफेरॉन फार काळ टिकलं तर त्याच आधारपेशींचं विभाजन मंदावतं आणि अस्तर भरून यायला उशीर होतो. सावध करणं वेळेत सुरू व्हायला हवं आणि वेळेत थांबायलाही हवं. ते थांबवतं कोण, यावर प्रश्नोत्तरांत बोलू. माइक मागच्या रांगेकडे द्या.