स्कॅनवरचे पांढरे डाग

[पडद्यावर: मेंदूचा एमआरआय]

मधोमध काळ्या दिसतात त्या मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या. त्यांच्या कडेने बघा. पांढरी किनार, आणि तिच्यापलीकडे कापसाचे पुंजके विखुरावेत तसे डाग. रिपोर्टमध्ये बहुतेकदा लिहिलेलं असतं, 'वयोमानानुसार बदल'. घरचे निर्धास्त होतात. उतारवयात थोडेफार डाग बहुतेकांना असतात, हे खरं. पण ते वाढून एकमेकांत मिसळले असतील, तर सगळं वयावर ढकलून चालणार नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण त्याला ऑक्सिजन लागतो 20 टक्क्यांच्या आसपास. आत खोलवर रक्त पोचवणाऱ्या धमन्या फार बारीक, कित्येक तर अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात. मधुमेह आणि धूम्रपान त्यात भर घालतात. रक्त कमी पडू लागलं की मोठा फटका बसतो पांढऱ्या द्रव्याला, म्हणजे मेंदूच्या एका भागाचे संदेश दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या तंतूंना. त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण झिजतं. स्कॅनवरचे पांढरे डाग म्हणजे हीच झीज. एखादी धमनी पुरती बंद झाली, तर तेवढ्या पेशी मरतात आणि 3 ते 15 मिलिमीटरची पोकळी उरते. तिला लॅक्यून म्हणतात.

जर्मनीत येना इथे काम करणाऱ्या ओटो बिन्सवांगर यांनी 1894 मध्ये पांढऱ्या द्रव्याच्या अशा झिजेचं वर्णन केलं, तेव्हा ती फक्त शवविच्छेदनात दिसायची. आज ती माणूस हिंडता-फिरता असताना दिसते, आणि तरीही दुर्लक्षित राहते.

[पडद्यावर: चालणाऱ्या वृद्धाची पावलं]

ही झीज वाढली की पाऊल नीट उचललं जात नाही, जमिनीला घासतं. वळायचं असेल तर जागच्या जागी चार-पाच छोटी पावलं टाकावी लागतात. प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर येतं, पण उशिरा. कामांचा क्रम लावणं जड जातं, आवडीच्या गोष्टींतला रस आटतो, लघवीची घाई होते. जुन्या आठवणी मात्र बऱ्यापैकी शाबूत असतात, म्हणून डिमेन्शियाची शंकाही कुणाला येत नाही. अशा माणसाला आळशी किंवा हट्टी ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत. झिजेचा वेग मात्र कमी करता येतो. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात, 140 चं उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा डाग कमी वाढले, आणि आकलनातली सौम्य घटही कमी जणांत आढळली. पण म्हणून प्रत्येक वृद्धाला हाच आकडा लावायचा, असं नाही. उभं राहिल्यावर ज्यांचा दाब एकदम उतरतो, त्यांना जास्त औषधाने चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. पुढच्या तपासणीला गेलात की बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा.