वाढत्या अंगाचा परकर

घरी शिवलेला कपडा उलटा करून पाहिला, की शिवणाऱ्या बाईने पुढच्या तीन-चार वर्षांचा विचार कितपत केला होता, हे लगेच कळते. या इरकली परकराची आतली बाजू पाहा. कमरेला नाडी ओवण्यासाठी नेफा आहे आणि खाली, काठाच्या जरा वर, चार बोटे खोल दुमड घालून ती धावदोऱ्याने धरून ठेवली आहे. मुलगी उंच झाली की हा दोरा ओढून काढायचा. चार बोटांची दुमड उलगडली की परकर आठ बोटे खाली येतो. दुमड काठाच्या वर घेतल्यामुळे काठ दोन्ही वेळा तळाशीच राहतो. वाढत्या अंगाचे शिवणे म्हणतात ते हेच.

पोलक्याचे काम इतके सरळ नसते. बाजूच्या शिवणीत दीड-दोन इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड, ठेवता येते, पण मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईला, ती ठेवली तर बगलेत कापडाचा गोळा होतो. म्हणून मुंढा काचू लागला की बगलेची शिवण उसवून तिथे चौबगला, म्हणजे कापडाचा लहानसा चौकोनी तुकडा, जोडतात आणि हात पुन्हा मोकळा वर जातो. तयार कपड्यात ही सोय बहुधा नसते, कारण ओव्हरलॉक करतानाच, म्हणजे यंत्रावर कड दोऱ्याने बांधतानाच, कडेचे जास्तीचे कापड छाटले जाते. असा कपडा आत घेता येतो, सैल करता येत नाही.

उसवण्याचे काम घाईचे नाही. एका बाजूचा प्रत्येक तिसरा-चौथा टाका पात्याने तोडून दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद ओढला, तर कापडाला इजा होत नाही. सुती कापडावरची सुईची भोके पाणी मारून इस्त्री केल्यावर बरीचशी बुजतात. रेशमावर मात्र ती राहतात, त्यामुळे रेशमी पोलके सैल करायचे तर जुन्या शिवणीची रेघ कशी झाकायची, ते आधी ठरवावे लागते. शिवणीत दडलेल्या कापडाचा रंगही उडालेला नसतो आणि ते बाहेर आले की गडद पट्ट्यासारखे दिसते. त्यावर गोट, म्हणजे कापडाची अरुंद पट्टी, लावणे हा जुना आणि अजूनही सर्वांत चांगला उपाय आहे.

नऊवारी लुगडे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, सगळीकडे सारखे विरत नाही. विरलेला भाग कापून धड तुकडे आडवे जोडायचे, याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही विटले की त्यातून परकर निघे, परकरातून तान्ह्याचे झबले, आणि उरलेल्या चिंध्या गोधडीच्या थरांत जात.

आता जुन्या पैठणीची जाकिटे शिवून घेण्याची हौस आहे. धडधाकट पैठणी कापण्याला काटकसर म्हणता येणार नाही. पण घडीवर रेशीम चिरले असेल, तर मधला भाग सोडून पदर आणि काठ नव्या कापडावर बसवणे योग्यच आहे. फक्त जरीचे वजन त्या कापडाला ओढते, म्हणून काठ जोडण्याआधी मागे सुती अस्तर लावावे आणि ते अस्तर शिवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते आणि काठाला सुरकुत्या पडतात.