काळ्या कानाची न्हाई

श्रोतेहो, सलाम. आपण ख्रिस्ती मंडळी पास्टरला पाळक म्हणतो, म्हणजे मेंढपाळच की. बायबलमधलं "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे स्तोत्र 23 तर लहानपणापासून तोंडपाठ. पण मेंढरं राखतात कशी हे मला पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत नाही कळलं, ते कळलं पारनेरकडच्या एका माळावर.

दिवाळी होऊन गेलेली, धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, कोकणाकडं निघालेला, आणि मी ज्यांच्याकडं मुक्कामाला होतो त्यांच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. अंधार पडत आला, पोरं वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, बांधत होती, कोकरं आयांसाठी ओरडत होती, आणि म्हातारे बाबा वाघरीच्या तोंडाशी उभे राहून नुसते बघत होते. दीडेकशे मेंढरं असतील. बाबा मोजत नव्हते, मी नीट पाहिलं, ओठसुद्धा हलत नव्हते. शेवटचं मेंढरू आत गेलं आणि म्हणाले, "काळ्या कानाची न्हाई." घोंगडं खांद्यावर टाकलं, बॅटरी घेतली नि निघाले. मी म्हटलं बाबा, न मोजता कळलं कसं? तर म्हणाले, "घरचं माणूस जेवायला न्हाई आलं तर ताटं मोजत बसता व्हय?" तासाभरानं आले ते तिला खांद्यावर घेऊन. खुरात काटा मोडला म्हणून ओढ्यातच बसून राहिली होती. बाबांनी काटा काढला, हळद-तेल लावलं, मग हात धुऊन भाकरी खाल्ली. आधी ती, मग भाकरी.

बायबलात लूक 15 मधली, नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागं जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण मोजणं वेगळं नि ओळखणं वेगळं, हे त्या रात्री दिसलं. परत सांगतो, मोजणं वेगळं, ओळखणं वेगळं. योहान 10 मध्ये मेंढपाळ नावानं हाक मारतो, हजेरी घेत नाही. आणि मला मनापासून वाटतं, आपल्या मंडळ्यांनी नव्या साउंड सिस्टीमसाठी वर्गणी काढण्याआधी पाळकाच्या गाडीत पेट्रोल घालावं, आवाज मोठा झाला म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत थोडाच पोचतो. सकाळी व्हॉट्सॲपवर वचन पाठवलं की भेट झाली असं पण नसतं.

त्या रात्री घोंगड्यावर पडल्या पडल्या मला तिसऱ्या बाकावरच्या एक मावशी आठवल्या, दोन महिने चर्चला आल्या नव्हत्या आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सोमवारी गेलो. गुडघे धरलेले, घरात एकट्या, चूल पण पेटलेली नव्हती. मला बघून म्हणाल्या, "पाळक, दार ढकला, उघडंच आहे."