कांदा नेमका कोणाचा?

मंडळी, मला विषय दिलाय सरकारी धोरण आणि व्यक्तिस्वातंत्र्य. या विषयावर माणूस लगेच मोठमोठ्या शब्दांच्या घोड्यावर बसतो, म्हणून मी आपला कांद्यापासूनच सुरू करतो.

७ डिसेंबर २०२३ ला दिल्लीत निर्यातबंदीचं नोटिफिकेशन निघालं. दुसऱ्या दिवशी ज्याचा ट्रॅक्टर लिलावाला निघालेला त्याचा माल तोच, वजन तेच, भाव मात्र उतरलेला. आणि हा लाल कांदा हं, उन्हाळी नाही. कांदाचाळीत भरून ठेवू म्हणाल तर महिनाभरही धड टिकत नाही, कोंब फुटतात, म्हणजे मिळेल त्या भावात द्या नाहीतर उकिरड्यावर टाका. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावून झालंच होतं. बंदी उठली मे २०२४ मध्ये, ती पण शुल्कासकट, आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. लोक म्हणतात नुकसान झालं, भरपाई द्या. मी म्हणतो भरपाईचं नंतर बघू, आधी सांगा तो कांदा होता कोणाचा? माझा असेल तर कोणाला विकायचा ते मी ठरवणार ना, ते दिल्ली ठरवणार असेल तर मी मालक कसला, मी राखणदार.

मालमत्तेचा हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंगलेवाले येतात. पण तो हक्क गेला कसा ते बघा. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा व्हायची होती, आणि जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली. तिच्यातून आलं नववं परिशिष्ट. त्यात कायदा टाकला की मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टात दाद मागायची सोय नाही. सुरुवातीला १३ कायदे होते, पुढे २८४ झाले. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर टाकलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीवर तपासता येतील, पण तोवर किती पिढ्या गेल्या. आणि गंमत बघा, जे सरकार आणीबाणीची घाण काढायला आलं त्याच जनता सरकारने १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला. आता उरलंय ३०० अ कलम, कायद्याशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही म्हणतं. कायदा करणारा कोण, तर ज्याला घ्यायचीय तोच!

महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांचं सीलिंग आहे, म्हणजे त्याहून जास्त जमीन ठेवता येत नाही, बारमाही पाण्याच्या जमिनीला १८. एकाने किती कारखाने काढावेत याला असं सीलिंग कुठंय? जमीनदारी मोडायची होती हे मला मान्य आहे, ती मोडलीच पाहिजे होती, पण त्यासाठी केलेला पिंजरा जमीनदार गेल्यावरही तसाच राहिला आणि आत उरला तो साधा शेतकरी.

आता इथे काहीजण मनातल्या मनात टाळ्या वाजवतायत, त्यांच्यासाठी पुढचं. २०१५ मध्ये राज्याने बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी घातली. म्हातारा बैल म्हणजे शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेली पुंजी, एका कायद्याने ती शून्य झाली, वर वैरण त्यानेच घालायची. बाहेरच्या राज्यातून आणलेलं बीफ घरात ठेवणं हाही गुन्हा होता, ते कलम मुंबई हायकोर्टाने २०१६ मध्ये रद्द केलं, माणसाच्या खाजगीपणाचा मुद्दा धरून. तर कांद्याला स्वातंत्र्य आणि बैलाला धर्म, असं चालत नाही हो.

शहरातल्या गरिबाने महाग कांदा कसा खायचा, हा प्रश्न खरा आहे, टाळायचा नाही. सरकारला त्याला मदत करायचीय ना, तिजोरीतून करावी, त्याच्या खात्यात पैसे टाकावेत, म्हणजे तो खर्च बजेटमध्ये दिसेल आणि त्याची चर्चा होईल. निर्यातबंदीत तोच खर्च शेतकऱ्याच्या खिशातून होतो आणि कुठल्या वहीत लिहिला जात नाही.

शरद जोशींची शेतकरी संघटना म्हणायची, भीक नको, हवे घामाचे दाम. भाषणात आजही ही ओळ जोरात चालते. पण बाजार खरंच मोकळा झाला तर एखाद्या वर्षी भाव पडणार, तेव्हा सरकारकडे धावायचं नाही, आणि निर्यात मोकळी मागताना आयातही मोकळी मागायची. हे म्हटलं की सभेत टाळ्या कमी होतात. आत्ताही झाल्याच.