कोपऱ्यातली खुर्ची

(दृश्य : नवी दिल्ली, सप्रू हाउस. सकाळची वेळ. लांब व्हरांडा, ग्रंथालयाचं अर्धं उघडं दार.)

सरकारी नोकरीत काही खुर्च्या कोपऱ्यातल्या असतात. तिथे बदली झाली की सहकारी अभिनंदन करतात, पण आवाज जरा खाली येतो. गाडी असते, शिपाई असतो. नसते ती फाइल. आणि ज्याच्या टेबलावर फाइल येत नाही, त्याला दिल्लीत कोण विचारतो?

१९६८ साली अशीच एक खुर्ची के. सुब्रह्मण्यम यांच्या वाट्याला आली. वय ३९. पद, ‘इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड ॲनालिसेस’चे संचालक. संस्था जेमतेम तीन वर्षांची. तिथे अभ्यास करायचा, टिपणं काढायची, परिसंवाद भरवायचे. निर्णय दुसरीकडे होणार. धडाडीच्या आयएएस अधिकाऱ्याला ही बढती वाटण्याचं काहीच कारण नव्हतं.

पुढची चाळीस वर्षं भारताचं संरक्षण आणि परराष्ट्र धोरण यांवर जो वाद झाला, त्यातला मोठा भाग या खुर्चीतून सुरू झाला.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. तिरुचिरापल्ली. मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज.)

जन्म १९ जानेवारी १९२९, तिरुचिरापल्ली. शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, विषय रसायनशास्त्र. १९५१च्या तुकडीतून आयएएस. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कुठल्याही हुशार तमिळ मुलाची. गोष्ट वळण घेते ती १९६२च्या आसपास, आणि त्या वळणावर एक मराठी माणूस उभा आहे.

चीनकडून मार खाल्ल्यावर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण तिथे पोचल्यावर सह्याद्रीला काय दिसलं, हे आपण फारसं विचारत नाही. दिसलं ते असं की सैन्य आहे, शौर्य आहे, पण पाच वर्षांनी कुणाशी, कुठे आणि कशाने लढावं लागेल याचा हिशेब मांडणारं टेबलच नाही. चव्हाणांच्या काळात पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आली, १९६४ ते ६९. लष्कराची संख्या सव्वाआठ लाखांवर न्यायची, हवाई दलाची पंचेचाळीस स्क्वाड्रन्स उभी करायची, असे आकडे त्यात होते. त्याच मंत्रालयात सुब्रह्मण्यम उपसचिव होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेला हा माणूस आता तोफा, विमानं आणि रुपये यांचा ताळेबंद वाचत होता.

आणि ११ नोव्हेंबर १९६५ला, पाकिस्तानशी युद्धविराम होऊन दोन महिनेही झाले नसताना, चव्हाणांच्याच पुढाकाराने ही संशोधन संस्था सुरू झाली. पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त. सुब्रह्मण्यम मधल्या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामरिक अभ्यासाची फेलोशिप करून आले, आणि सोम दत्त यांच्यानंतर ते दुसरे संचालक झाले.

सरकारी नोकराने जे फाइलवर लिहायचं, ते त्यांनी वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली. वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण संस्था स्वायत्त होती आणि संचालकाला थांबवणारा नियम सापडत नव्हता. १९६८ हेच अण्वस्त्र प्रसारबंदी कराराचं वर्ष. १ जानेवारी १९६७च्या आधी ज्यांनी चाचणी केली ते अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कायम हात बांधून घ्यायचे. चीन १९६४च्या स्फोटामुळे रेषेच्या आत, भारत बाहेर. सुब्रह्मण्यम यांचं म्हणणं सरळ होतं. शेजाऱ्याकडे बॉम्ब आहे, तेव्हा आपण तो बनवण्याचा हक्क सोडू नये. नैतिकतेची भाषा बोलणाऱ्या दिल्लीत हे बोलणं पंगतीत मोठ्याने हिशेब मागण्यासारखं होतं.

(दृश्य : मार्च १९७१. ढाक्यातल्या धुराची छायाचित्रं. सीमेवरून येणाऱ्या माणसांची रांग.)

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. सहा दिवसांनी, ३१ मार्चला, दिल्लीत एका परिसंवादात सुब्रह्मण्यम उभे राहिले. पाकिस्तानचं विघटन भारताच्या हिताचं आहे, आणि अशी संधी पुन्हा येणार नाही, असं ते म्हणाले. खासगीत नाही. पत्रकारांच्या समोर.

थोडं थांबून बघण्यासारखी ही जागा आहे. सरकार त्या वेळी शब्द तोलूनमापून वापरत होतं. जगापुढे भारताची बाजू होती ती निर्वासितांची आणि माणुसकीची. आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा संचालक ‘संधी’ हा शब्द वापरतो! पाकिस्तानच्या हातात आयतं कोलीत मिळालं. भारताचा हेतू आधीपासूनच वाईट होता, याचा पुरावा म्हणून ते वाक्य तिकडे आजही काढून दाखवतात.

माझ्या मते इथे त्यांचं चुकलं. हिशेब बरोबर होता, वेळ आणि जागा चुकली. पण हिशेब खरोखरच बरोबर होता. पूर्वेकडून येणाऱ्या निर्वासितांना वर्षानुवर्षं पोसण्याचा खर्च एका छोट्या युद्धापेक्षा जास्त होईल, असं त्यांनी आकडे मांडून सांगितलं. आकडा पुढे एक कोटीच्या घरात गेला. त्यांना कारवाई लगेच हवी होती, लष्कराला हिवाळ्यापर्यंत वेळ हवा होता. इंदिरा गांधींनी ऐकलं ते लष्कराचं. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि ९३ हजार कैदी हाती आले. म्हणजे सल्ला अर्धाच मानला गेला. तज्ज्ञाच्या नशिबी बहुधा इतकंच असतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला ते तमिळनाडूत गृहसचिव होते. मग जॉइंट इंटेलिजन्स कमिटीचं अध्यक्षपद. गुप्तचर खात्यांकडून येणारी माहिती एकत्र करून तिचा अर्थ लावायचं काम. हे पद लक्षात ठेवा, वीस वर्षांनी ते पुन्हा समोर येणार आहे. त्यानंतर संरक्षण उत्पादन सचिव. १९८०मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या, आणि सर्वात आधी हटवलेल्या सचिवांत आपले वडील होते, असं त्यांचे चिरंजीव एस. जयशंकर यांनी मुलाखतीत सांगितलं आहे.

हटवून पाठवलं कुठे? त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर. १९८० ते १९८७, दुसरी खेप.

(दृश्य : २४ ऑगस्ट १९८४. धावपट्टीवर उभं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग.)

आता एक फोन. चंदीगडहून जम्मूमार्गे श्रीनगरला निघालेलं विमान अपहृत झालं. आधी लाहोर, मग कराची, मग दुबई. दिल्लीत परराष्ट्र सेवेतला एक तरुण अधिकारी हे प्रकरण हाताळणाऱ्या चमूत होता. घरी लहान बाळ, त्याला दूध पाजायला जायची त्याची पाळी. त्याने आईला फोन केला : मला यायला जमणार नाही, विमान पळवलंय. काही तासांनी त्याला कळलं की त्या विमानात वडील आहेत. तो अधिकारी म्हणजे जयशंकर. एकीकडे सरकारच्या बाजूने काम, दुसरीकडे सरकारवर दबाव आणणाऱ्या प्रवाशांच्या कुटुंबांत आपणही. ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षांनी, २०२४मध्ये जिनिव्हात जाहीरपणे सांगितली.

दुबईत अपहरणकर्ते शरण आले, प्रवासी सुखरूप सुटले. सुब्रह्मण्यम परत येऊन कामाला लागले. अपहरणकर्त्यांच्या हाती पिस्तूल आलं ते लाहोरला, हा मुद्दा मात्र त्यांनी पुढे सोडला नाही. विमानात बसून जे पाहिलं तेही त्यांच्या लेखी निरीक्षणच होतं.

(दृश्य : छापखाना. संपादकीय पानाचे जुळवलेले स्तंभ.)

निवृत्तीनंतर केंब्रिजला अभ्यागत प्राध्यापक, मग टाइम्स ऑफ इंडियात सल्लागार संपादक. लेखांची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही. सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. संरक्षणावर बोलायचं ते गणवेशातल्यांनी किंवा मंत्र्यांनी, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही सवय त्यांनी मोडली. दोनदोन दशकं एकच मुद्दा लावून धरणारा हा माणूस सभ्य पण हट्टी होता. दिल्लीत त्यांना ‘भीष्माचार्य’ म्हणायचे. उपमा आदराची, पण मला ती पटत नाही. भीष्म भरसभेत गप्प बसले. हे गृहस्थ सभा कुठलीही असो, बोलायचेच.

मे १९९८. पोखरणला पुन्हा स्फोट झाले. तीस वर्षं ज्यांना ‘बॉम्बवाले’ म्हणून हिणवलं, त्यांच्याकडेच आता त्या बॉम्बच्या वापराचं धोरण लिहायचं काम आलं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक सुब्रह्मण्यम. मसुदा १७ ऑगस्ट १९९९ला जाहीर झाला. ससाण्याकडून अपेक्षा होती पंजांची, आणि मसुद्यात काय होतं? पहिला वार आपण करणार नाही. साठा ठेवायचा तो किमान, पण विश्वासार्ह. शस्त्रावर अंतिम ताबा निवडून आलेल्या नेतृत्वाचा.

ज्यांना मोठा साठा आणि प्रचंड शक्तीचे बॉम्ब हवे होते, ते नाराज झाले. सुब्रह्मण्यम यांचा युक्तिवाद असा : हे शस्त्र वापरण्यासाठी नाहीच, समोरच्याच्या मनात शंका जागी ठेवण्यासाठी आहे. एक शहर गमावण्याची भीती पुरेशी असते. दहा शहरांची भीती दसपट होत नाही. २००९मध्ये १९९८च्या हायड्रोजन बॉम्बच्या यशाबद्दल जाहीर वाद पेटला, तेव्हा ऐंशी वर्षांचे सुब्रह्मण्यम पुन्हा लेखणी घेऊन हजर. साध्या अणुस्फोटाच्या शक्तीवरही धाक राहतो, हेच त्यांनी संरक्षणमंत्र्यांचे माजी वैज्ञानिक सल्लागार व्ही. एस. अरुणाचलम यांच्याबरोबर मांडलं.

(दृश्य : कारगिल. बटालिकचे उघडेबोडके डोंगर. दुरून दिसणारी पायवाट.)

१९९९च्याच ३ मे रोजी बटालिकजवळ बंजू भागात गुराख्यांनी डोंगरावर अनोळखी माणसं पाहिली आणि लष्कराला सांगितलं. गुप्तचर यंत्रणा एवढ्या मोठ्या, आणि पहिली खबर दिली ती गुरामागे फिरणाऱ्यांनी. युद्ध संपताच, जुलैअखेर, सरकारने आढावा समिती नेमली. अध्यक्ष सुब्रह्मण्यम. सोबत लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. वर्गीस आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र.

समितीला समन्स काढायचा अधिकार नव्हता. तरी माजी पंतप्रधानांपासून खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत शंभरावर माणसांशी ती बोलली. त्यात जॉइंट इंटेलिजन्स कमिटीही आली. जिथे सुब्रह्मण्यम स्वतः बसले होते, त्याच कमिटीच्या अहवालांना वर कुणी किंमत देत नाही, असं त्यांना आता लिहावं लागलं. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पूर्णवेळ हवा, असंही लिहिलं. त्या वेळी ब्रजेश मिश्र पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते आणि सुरक्षा सल्लागारही. ज्यांनी नेमलं त्यांच्याच कार्यालयाकडे हे बोट होतं.

दोष कुणा एकाच्या माथी मारला नाही, म्हणून समितीवर टीका झाली. टीकेत तथ्य आहे. चुकलेल्यांची नावं नसलेला अहवाल सगळ्यांनाच सोयीचा असतो. पण तो फेब्रुवारी २०००मध्ये संसदेत मांडला गेला आणि पुस्तकरूपाने दुकानात आला, ही गोष्ट छोटी नाही. १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्या वेळीही कुलपातच होता.

१९९९मध्येच पद्मभूषण जाहीर झालं. त्यांनी नाकारलं. सनदी अधिकाऱ्याने आणि पत्रकाराने सरकारचा सन्मान घेऊ नये, एवढंच कारण. ते दोन्ही होते.

(दृश्य : २००५. दिल्ली. दिव्यांच्या उजेडातला रायसिना.)

अमेरिकेशी अणुकराराची बोलणी सुरू झाली तेव्हा अनेकांना वाटलं, प्रसारबंदी कराराला आयुष्यभर विरोध करणारा हा माणूस आता आडवा येणार. ते आडवे आले नाहीत, कराराच्या बाजूने ठाम उभे राहिले. काल जो आपल्याला दाराबाहेर ठेवत होता तोच आता खुर्ची सरकवून देतोय, तर बसायचं की जुना राग धरायचा? शीतयुद्धात सोव्हिएत संघाच्या मैत्रीचं समर्थन करताना जी वही उघडली होती, तीच वही पुढचं पान उलटून त्यांनी वाचली. जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही.

त्याच सुमारास मनमोहन सिंग यांनी त्यांना एका कृतिगटाचं प्रमुख केलं. जग कुठे चाललंय आणि भारताने काय करावं, हा विषय.

२ फेब्रुवारी २०११ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. चव्हाणांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या संस्थेला २०२०मध्ये मनोहर पर्रीकर यांचं नाव दिलं गेलं. दारावरची पाटी बदलली. आत ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले आहेत, कुणीही मागावेत आणि वाचावेत असे.

कृतिगटाचा अहवाल मात्र तिथे मिळणार नाही. उभं आयुष्य उघड लिहिणाऱ्या या माणसाचं सरकारसाठी केलेलं ते शेवटचं मोठं काम. तो अहवाल सरकारने कधी प्रसिद्धच केला नाही.