बेतीपासून पणजीपर्यंत गोळा पोचेल का? : खरे रणगाडे आणि वॉरहॅमरचे नियम

[दृश्य : बेतीचा धक्का. फेरीबोट पणजीकडे निघाली आहे. पलीकडे पणजीच्या किनाऱ्यावरच्या इमारती.]

१८ डिसेंबर १९६१. अंधार पडण्याआधी, गोवा पोर्तुगीजांकडून सोडवायला निघालेल्या भारतीय फौजेतल्या ७ व्या कॅव्हलरीचे रणगाडे आणि २ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान इथे, बेतीला, येऊन थांबले. समोर मांडवी, पलीकडे पणजी, मध्ये सुमारे ५०० मीटर पाणी. रणगाड्याच्या तोफेच्या हिशेबात हे अंतर जवळचंच. आजचे १२० आणि १२५ मिलिमीटरचे रणगाडे २ किलोमीटरवरून थेट नेम धरतात.

[दृश्य : खेळाचं टेबल. हिरवट रंगाचा, आखूड तोफेचा लेमन रस रणगाडा.]

आता टेबलाकडे येऊ. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोट्या प्रतिकृती हलवून आणि फासे टाकून खेळायचा लढाईचा खेळ. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा हा खेळ १९८७ पासून चालत आला आहे. त्यातल्या मानवी साम्राज्याच्या फौजेचा कणा म्हणजे लेमन रस रणगाडा. त्याच्या मुख्य तोफेचा, बॅटल कॅननचा, पल्ला कित्येक आवृत्त्यांत ७२ इंच होता. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत तो ४८ इंचांवर आला.

खेळातली माणसं साधारण २८ मिलिमीटर उंचीची, म्हणजे खऱ्याच्या साठाव्या हिश्शाएवढी धरली, तर ७२ इंच म्हणजे प्रत्यक्षात ११० मीटर आणि ४८ इंच म्हणजे ७३ मीटर. एकेचाळिसाव्या सहस्रकातली ही तोफ बेतीच्या धक्क्यावरून मांडवीच्या मध्यापर्यंतही पोचणार नाही. २४ इंच पल्ल्याची बंदूक तर ३७ मीटरवर संपते. उलटा हिशेब केला, तर खरे २ किलोमीटर दाखवायला टेबल ३३ मीटर लांब लागेल. बॅडमिंटनची अडीच कोर्टं एकापुढे एक.

ही तडजोड समजण्यासारखी आहे. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर खरा पल्ला ठेवला, तर पहिल्याच फेरीत सगळे सगळ्यांच्या माऱ्यात येतील आणि सैन्य हलवायला कारणच उरणार नाही.

काळाचं गणित मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. दहाव्या आवृत्तीत लेमन रस एका फेरीत १० इंच सरकतो. साठपटीने ते होतात १५ मीटर. भारतीय लष्कराचा टी-९० रणगाडा रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. चालीच्या हिशेबाने खेळातली एक फेरी सेकंदभराची. आता तोफेकडे बघा. टी-७२ आणि टी-९० यांच्यात गोळा भरायला माणूस नसतो. बुरुजाखाली फिरतं चक्र असतं आणि त्यात २२ गोळे आडवे, चाकाच्या आऱ्यांसारखे बसवलेले असतात. यंत्र आधी गोळा आणि मग दारूचा भाग नळीत ढकलतं. या कामाला ७-८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटरने जाणारा रणगाडा ६० मीटर पुढे गेलेला असतो, टेबलावरचे ४० इंच. म्हणजे दोन बारांच्या मध्ये रणगाड्याने टेबलाची जवळजवळ अख्खी रुंदी पार केली पाहिजे. खेळात तो वीतभर सरकतो आणि बार टाकतो, पुन्हा वीतभर सरकतो आणि पुन्हा बार. त्यामुळे टेबलावर रणगाडा पायदळाच्या गतीने लढणारी फिरती चौकी होऊन बसतो.

[दृश्य : अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाचं आवार.]

पल्ला आणि वेळ सोडून देऊ. रणगाड्याला रणगाडा बनवणारी गोष्ट वेगळीच आहे : त्याचं तोंड कुठे आहे.

चिलखत सगळीकडे सारखं ठेवता येत नाही. ठेवलं तर वजन इतकं वाढेल की इंजिन, पट्टे आणि वाटेतले पूल, काहीच टिकणार नाही. म्हणून जाड पोलाद समोर, त्याहून कमी बाजूंना आणि सगळ्यात कमी मागे, इंजिनाकडे. समोरचा पत्रा कललेलाही असतो. १०० मिलिमीटरचा पत्रा उभ्या रेषेपासून ६० अंश मागे झुकवला, की आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यातून २०० मिलिमीटर पोलाद कापावं लागतं. त्याच रणगाड्याची बाजू जवळजवळ उभी असते. तिथे हा फायदा मिळत नाही.

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे याच हिशेबात सापडले. शेतांत पाणी सोडलेलं, उभा ऊस, आणि भारतीय रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसलेले. पॅटन चिखलात मंदावले, वळू लागले आणि वळताना बाजू उघडी पडली. तिथे भारताच्या सेंच्युरियन रणगाड्याची ८४ मिलिमीटरची तोफ पुरेशी ठरली. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (मागे झटका न देणाऱ्या) तोफेने हवालदार अब्दुल हमीद यांनी रणगाडे उडवले. त्या तोफेच्या मागून इतका जाळ आणि धुरळा उठतो, की एक बार टाकला की जागा उघड होते. लगेच हलावं लागतं. टेबलावर मात्र तोफ डावभर एकाच झुडपामागून मारा करते आणि नियमाला त्याचं काही वाटत नाही.

[दृश्य : रणगाड्याच्या चार कोपऱ्यांतून जाणाऱ्या दोन तिरक्या रेषा, वरून.]

खेळाने ही दिशा एके काळी नीट ओळखली होती. २००८ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक रणगाड्याला चिलखताचे तीन आकडे असत. लेमन रसचे आकडे : समोर १४, बाजूला १३, मागे १०. कोपऱ्यांतून फुली काढायची आणि मारणारा कुठल्या भागात उभा आहे ते बघायचं. मग शस्त्राची ताकद अधिक एक फासा. बेरीज चिलखताएवढी झाली तर गोळा निसटता लागला, जास्त झाली तर आरपार.

लॅसकॅनन ही खेळातली रणगाडे फोडणारी लेझर तोफ. तिची ताकद ९. समोरून आरपार जायला फाशावर ६ हवा. बाजूने ५ पुरे. मागून २. आरपार गेलेल्या माऱ्यानंतर नुकसानीच्या तक्त्यावर दुसरा फासा पडे आणि ५ किंवा ६ आला तर रणगाडा नष्ट. म्हणजे लागलेल्या एका माऱ्यात रणगाडा संपण्याची शक्यता समोरून १८ त १, बाजूने १८ त २, मागून १८ त ५. असल उत्तरचं शहाणपण या तीन आकड्यांत मावतं. साध्या लेझर बंदुकीची ताकद ३. तिला ६ पडला तरी बेरीज ९. तिने मागूनही ओरखडा उठत नसे, आणि तेच बरोबर होतं.

तो नुकसानीचा तक्ताही खऱ्या लढाईच्या जवळचा होता. १ ला दल हादरलं, २ ला सुन्न झालं, ३ ला शस्त्र गेलं, ४ ला चाल गेली, ५ ला भंगार, ६ ला स्फोट. सैन्यातही असाच फरक करतात : चाल गेलेला रणगाडा वेगळा, तोफ गेलेला वेगळा, पुरता गेलेला वेगळा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनला आग लागली होती. तोफ चालू होती म्हणून ते रणगाडा सोडायला तयार झाले नाहीत. मारा लागलेला रणगाडाही कसा लढत राहतो, हे दाखवायला तो तक्ता समर्थ होता.

२०१७ मध्ये आठवी आवृत्ती आली आणि हे सगळं गेलं. रणगाड्यालाही शिपायासारखा चिवटपणा (जखम करणं किती अवघड) आणि जखमांचा आकडा (किती जखमांनी तो संपतो) मिळाला. दहाव्या आवृत्तीत लेमन रसचा चिवटपणा ११, जखमा १३ आणि बचाव २ किंवा जास्त, म्हणजे फाशावर एवढे पडले तर मारा वाया. लॅसकॅननची ताकद १२, बचावातून ३ वजा, नुकसान एक फासा अधिक १. नेमबाजाला नेम लागायला फाशावर ३ किंवा जास्त लागतात असं धरलं, तर एका बाराला सरासरी १.३ जखमा. रणगाडा संपवायला दहाएक बार. समोरून दहा, मागूनही दहाच.

हा बदल खेळाच्या नुकसानीचा आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. डाव भरभर चालतो, कोपऱ्यांवरून वाद होत नाहीत, हे खरं. पण रणगाड्याला वळसा घालण्याचं कारणच संपलं. आता आपला रणगाडा पाठ करून उभा केला तरी चालतं.

[दृश्य : बाणासारख्या गोळ्याचं आणि पोकळ शंकूच्या गोळ्याचं रेखाचित्र, शेजारी शेजारी.]

गोळ्यांचंही थोडं बघू. खऱ्या रणगाड्यात तोफ एक आणि गोळे अनेक. पंखांचा बाण हा टंगस्टनच्या मिश्रधातूचा लांब दांडा. नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला १,६०० ते १,८०० मीटर, आणि तो निव्वळ वेगाने पोलाद फोडतो. अंतर वाढलं की वेग घटतो आणि भेदण्याची ताकदही. हीट गोळ्यात तांब्याचा पोकळ शंकू असतो. स्फोटाने त्या तांब्याचा टोकदार झोत होतो. त्याला गोळ्याच्या वेगाशी देणंघेणं नाही, म्हणून ५० मीटरवर जे फुटेल ते २ किलोमीटरवरही फुटेल. भारताच्या अर्जुन रणगाड्याची १२० मिलिमीटरची तोफ आटे पाडलेली असल्यामुळे तिसरा प्रकार, हेश, तिला चांगला मारता येतो. तो पत्र्यावर थापला जाऊन फुटतो आणि आतल्या बाजूने पोलादाच्या कपच्या उडवतो.

खेळात अंतराशी बांधलेलं शस्त्र म्हणजे मेल्टा, चिलखत वितळवणारं उष्णतेचं हत्यार. पाचव्या आवृत्तीत निम्म्या पल्ल्याच्या आत त्याला भेदण्यासाठी एक जादा फासा मिळे. खऱ्या जगात ही वागणूक बाणाची. टेबलावरच्या बॅटल कॅननला मात्र सहा इंचावर काय नि साठ इंचावर काय, फरक पडत नाही. गोळेही संपत नाहीत. टी-७२ च्या चक्रातले २२ संपले, की बाकीचे बुरुजात आणि धडात ठेवलेले हाताने भरावे लागतात आणि बारांचा वेग एकदम उतरतो.

[दृश्य : पावसातलं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन. बांध, आणि खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं मानशीचं दार.]

गोव्याची जमीन टेबलावर आणायची असेल, तर नदीला 'अवघड भूभाग' म्हणून भागत नाही. १९६१ मध्ये पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले, कारण या प्रदेशात फौजेला अडवायचं तर पुलावर अडवावं लागतं. लेमन रस ६० टनांचा मानला जातो. एवढं वजन पुलाने पेललं पाहिजे, आणि खाजनातल्या गाळाने तर ते पेलणारच नाही.

खाजनाचा बांध मात्र रणगाड्याला उत्तम आडोसा. दीड-दोन मीटरचा बांध टेबलावर २५ ते ३३ मिलिमीटर उंच करावा. मागे उभा राहून फक्त बुरूज वर काढायचा. यात नळी किती खाली झुकते यावर सगळं ठरतं. सेंच्युरियनची १० अंश झुकते, टी-७२ ची ६ च्या आसपास. कमी झुकणाऱ्याला नेम धरण्यासाठी बांधावर जास्त चढावं लागतं आणि धड उघडं पडतं.

[दृश्य : टेबलाभोवती हात. रणगाड्यावर पारदर्शक पट्टी ठेवली जाते.]

दहाव्या आवृत्तीत दिशा परत आणायची असेल, तर दोन्ही खेळाडूंच्या संमतीने एवढं करा. दोन मिलिमीटर ॲक्रिलिकवर फुली कोरून घ्या. पुठ्ठ्याची पट्टी पावसाळ्यात मऊ होऊन वाकते आणि वाद वाढवते. फुली धडावर ठेवायची, बुरुजावर नाही. अंतर आणि दिशा मारणाऱ्याच्या नळीच्या तोंडापासून बघायची. बरोबर रेषेवर असेल तर फासा टाकायचा.

चिवटपणाला हात लावू नका. मागून तो ११ चा ८ केला तरी १२ ताकदीच्या लॅसकॅननला जखमेसाठी ३ च लागतात, काहीच बदलत नाही. बदल बचावात करायचा : समोर २, बाजूने ३, मागून ४. मागून मारणाऱ्याला जखमेच्या फाशावर १ जादा. मग लॅसकॅननला समोरून दहा, बाजूने आठ आणि मागून साडेपाचच्या आत बार पुरतात. जुन्या आवृत्तीइतका फरक नाही, पण वळसा घालावासा वाटेल इतका नक्कीच आहे.

याला एक कुंपण लागतंच. बचाव कमी केल्यावर साध्या बंदुकांची झुंड मागून रणगाडा खाऊ लागते. समोरून ७२ त एक लागणारी लेझर गोळी मागून २४ त एक लागते, आणि जादा १ तिलाही दिला तर १२ त एक. म्हणून शस्त्राची ताकद चिवटपणाच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्याने जखमच होणार नाही असं आधी ठरवा. लेमन रससाठी ही सीमा ५ ताकदीपर्यंत येते.

गोळ्यांसाठी रणगाड्याच्या माहितीच्या कार्डावर मुख्य तोफेच्या फक्त सहा चौकटी काढा आणि प्रत्येक बाराला एक खोडा. पाच फेऱ्यांच्या डावात या चौकटी सहसा पुरतात. जादा बार देणारे हुकूम किंवा क्षमता वापरल्या, तर शेवटच्या फेरीत तोफ रिकामी पडू शकते. हे हुकूम कुठल्या फेरीत खर्चायचे, ते पहिल्याच फेरीत ठरवून ठेवा.