कारण लिहून द्या

बोर्डावर विषय बराच लांबलचक लिहिलाय, कायदा, लोकप्रशासन आणि व्यवसायांचं नियमन, मूलभूत संकल्पना. हा तीन पेपरांचा सिलॅबस झाला, एका तासात बसणार नाही. म्हणून मी काय करतो, यातली एकच गोष्ट धरतो आणि तिच्यामागोमाग बाकीच्या संकल्पना जेवढ्या येतील तेवढ्या येऊ देतो. सेबी (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी), ट्राय (दूरसंचारावर लक्ष ठेवणारी) वगैरे नियामक संस्था पण घ्यायच्यात, मॅडमना तसं कबूल केलंय. ती एक गोष्ट अशी, की सरकारी अधिकाऱ्याने तुम्हाला 'नाही' म्हटलं तर का नाही ते त्याने कागदावर लिहून दिलं पाहिजे. पुस्तकात हे नैसर्गिक न्यायाच्या प्रकरणात शेवटी चार ओळींत असतं आणि परीक्षेला पाच मार्कांना येतं, पण मला विचाराल तर सगळ्या प्रशासकीय कायद्याचा जीव तिथे आहे.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. छोटी खानावळ सुरू करायची होती, जागा भाड्याने घेतलेली, भांडी गॅस सगळं आलेलं, आणि एका कार्यालयाकडे परवानगीचा अर्ज केलेला. हातात पत्र होतं. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज नियमात बसत नसल्याने निकाली काढण्यात आला आहे.' खाली सही, शिक्का, जावक नंबर. संपलं पत्र. कुठला नियम, त्यात काय बसत नाही, अपील कुठे करायचं, काहीच नाही. बाई बिचाऱ्या हेलपाटे मारत होत्या. एका टेबलावर सांगितलं फायरचं असेल, दुसऱ्यावर म्हणाले शेजाऱ्यांची तक्रार असेल, तिसरे म्हणाले साहेब बदललेत आता, नव्याने अर्ज करा. म्हणजे तोंडी कारणं टेबलागणिक वेगळी आणि कागदावर एकही नाही.

मग आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला. हे लिहून घ्या, माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम ४ (१) (घ). सगळे आरटीआय म्हटलं की माहिती मागणं एवढंच समजतात, पण या कलमात सार्वजनिक प्राधिकरणावर सरळ जबाबदारी टाकलीय की प्रशासकीय किंवा न्यायिकवत, म्हणजे कोर्टासारख्या, निर्णयाची कारणं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्यायची. मागितल्यावर द्या असं नाही, आपणहून द्या असं आहे! तर आम्ही कारणं मागितली आणि फाईलवरच्या टिपणीची प्रतही मागितली. टिपणी आली. त्यात खालच्या लिपिकाने व्यवस्थित लिहिलं होतं, की नकाशात पार्किंगची जागा दाखवलेली नाही, अर्जदारास त्रुटी कळवावी. पोरगा हुशार होता, त्याचं काम त्याने नीट केलं होतं. वरच्या टेबलावर फक्त 'नामंजूर' असा शेरा पडला आणि तेवढाच शेरा बाईंपर्यंत आला.

आता बघा, कारण फाईलमध्ये होतं. आणि इतकं साधं की नकाशावर एक चौकोन काढून आणला असता तर काम झालं असतं, मागे मोकळी जागा होतीच. पण हे कळेपर्यंत जागेचं ॲग्रीमेंट संपलं, मालकाने जागा दुसऱ्याला दिली, आणि परवानगी जिच्यासाठी मागितली ती जागाच राहिली नाही. मला याचा अजून राग येतो. कोणी लाच मागितली नव्हती, कोणी मुद्दाम अडवलं असंही मला वाटत नाही. दोन ओळी लिहायच्या राहिल्या, एवढंच झालं, आणि त्या दोन ओळींत एका बाईचा धंदा गेला.

तुम्हाला वाटेल हे भावनेचं झालं, कायद्याचं सांगा. सांगतो. गोरधनदास भानजी हे नाव अभ्यासक्रमात असेल तुमच्या, नसलं तरी वाचा कारण ते आपल्या मुंबईचं आहे. अंधेरीला सिनेमा थिएटर बांधायची परवानगी, १९४७ साल. मुंबईच्या पोलीस कमिशनरांनी परवानगी दिली आणि काही महिन्यांतच रद्दचं पत्र आलं, ज्यात म्हटलं होतं की सरकारच्या निर्देशानुसार कळवण्यात येतं की परवानगी रद्द. कारण शून्य. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कमिशनरांकडून सांगण्यात आलं की निर्णय माझाही होता. सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये, न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालात, म्हटलं की हुकमाचा अर्थ हुकमात जे लिहिलंय त्यावरून लागणार, अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते नंतर सांगून चालणार नाही. आणि दुसरी गोष्ट, परवानगी रद्द करायचा अधिकार नियमाने कमिशनरांना दिलेला, त्यामुळे वरून सांगितलं म्हणून सही करणं म्हणजे स्वतः निर्णय घेणं नव्हे. राज्यघटना लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, म्हणजे हा विचार आपल्याकडे किती सुरुवातीपासून आहे बघा.

पुढे १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या खटल्यात, निवडणूक आयोगाने फेरमतदानाचा हुकूम दिला होता त्यावरून, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच परत सांगितलं आणि वर म्हटलं की हुकूम म्हणजे काही जुनी वाईन नव्हे, जितकी जुनी तितकी चांगली व्हायला. तुम्ही हसताय पण हे वाक्य अजून देशभरातल्या हायकोर्टांत वाचून दाखवलं जातं. कारण सवय तीच आहे, आधी एका ओळीत नाही म्हणायचं आणि कोणी कोर्टात गेलं की मग प्रतिज्ञापत्रात पानंच्या पानं कारणं भरायची.

आता जरा मागे येतो, कारण नैसर्गिक न्याय म्हणजे काय हे न सांगताच पुढे गेलो. दोन जुनी तत्त्वं, दुसऱ्या बाजूचं ऐका आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नका. दुसऱ्याचं उदाहरण क्रैपाक खटला, १९६९. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी निवड करायची होती, आणि निवड मंडळात जे कार्यवाहक मुख्य वनसंरक्षक बसले होते तेच उमेदवार पण होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते बाजूला झाले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं चालू असताना बसलेलेच. कोर्टाने ती निवड रद्द केली. पहिल्या तत्त्वाचं उदाहरण मेनका गांधी, १९७८. पासपोर्ट जप्त, कारण विचारलं तर सार्वजनिक हितासाठी कारण सांगता येत नाही असं उत्तर. तिथून घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, अर्थ केवढा मोठा झाला तो वेगळाच तास आहे, पण सुरुवात कशातून झाली बघा, कारण विचारलं आणि दिलं नाही यातूनच ना? आणि ओल्गा टेलिस, १९८५, मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांची केस. महापालिकेच्या कायद्यात नोटीस न देता अतिक्रमण काढायचा अधिकार होता, कोर्टाने तो अधिकार घटनाबाह्य ठरवला नाही, पण नोटीस न देणं हा अपवाद आहे, नेहमीची पद्धत नाही, असा त्याचा अर्थ लावला. आता कारण द्या हे तिसरं तत्त्व मानायचं की पहिल्याचाच भाग, यावर विद्वान वाद घालतात. मी म्हणतो वेगळं माना. ऐकून घेतलं पण काय पटलं नाही ते सांगितलंच नाही, तर ऐकलं की नाही हे कळणार कसं? १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी खटल्यात घटनापीठाने सांगितलंय की कायद्याने स्पष्टपणे किंवा ओघाने सूट दिली नसेल तर न्यायिकवत अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने निर्णयाची कारणं नोंदवली पाहिजेत. आणि २०१० च्या क्रांती असोसिएट्समध्ये तर छापील, रबर स्टॅम्पसारखी कारणं चालणार नाहीत असंही आलंय.

अधिकाऱ्यांची बाजू पण सांगतो, मी त्यांच्या ट्रेनिंगला जातो तेव्हा ऐकतो ना. एका टेबलावर शेकडो अर्ज, माणसं कमी, आणि कारण लिहिलं की त्यावर अपील होतं, म्हणून न लिहिलेलं बरं असं वाटतं. पहिलं खरं आहे, दुसरं मला मान्य नाही. कारण लिहायला बसलं की अधिकाऱ्यालाच कळतं आपल्याकडे कारण आहे का नाही. खूपदा तिथेच नकाराचा होकार होतो.

दहा मिनिटं राहिलीत अशी चिठ्ठी आलीय, तर बाकीचं भरभर घेतो.

नियमांची उतरंड. वर घटना, मग विधिमंडळाचा किंवा संसदेचा अधिनियम, त्याखाली त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेले नियम आणि विनियम, मग जीआर आणि परिपत्रकं. खालच्याने वरच्याला छेद द्यायचा नाही. म्हणून कोणी 'नियमात बसत नाही' म्हटलं की पहिला प्रश्न, कुठला नियम, आणि तो नियम आहे का नुसतं परिपत्रक.

मग व्यवसाय. कलम १९ (१) (छ), कुठलाही व्यवसाय करायचं स्वातंत्र्य, आणि १९ (६), त्यावर वाजवी निर्बंध. हे निर्बंध कमीजास्त कडक असतात. नुसती सूचना द्यायची, जसं २०१७ च्या कायद्यापासून राज्यात छोट्या दुकानांना शॉप ॲक्टखाली असतं. मग नोंदणी, कागद पूर्ण असतील तर अधिकाऱ्याने करायचीच. आणि लायसन, जिथे अधिकाऱ्याला द्यावं की न द्यावं हा विवेकाधिकार असतो. विवेकाधिकार जितका जास्त तितकी कारणाची गरज जास्त, हा माझा मुख्य मुद्दा इथे लागू करा. १९५१ च्या उद्योग अधिनियमाने मोठ्या उद्योगांना लायसन सक्तीचं केलं, जुलै १९९१ च्या धोरणात १८ उद्योग सोडून बाकीच्यांचं काढून टाकलं. पण लायसन गेलं म्हणून नियमन गेलं नाही, ते नियामकांकडे आलं.

नियामक. सेबीला १९९२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, ट्राय १९९७ ची, स्पर्धा आयोग २००२ च्या कायद्याखाली. यांची अडचण अशी की विनियम तेच करतात, चौकशी तेच करतात, आदेशही तेच देतात, म्हणजे विधिमंडळ, पोलीस, कोर्ट एकाच इमारतीत. त्यावर उपाय म्हणजे वेगळं अपील न्यायाधिकरण. सेबीच्या आदेशावर सॅट, म्हणजे रोखे अपील न्यायाधिकरण, स्पर्धा आयोगावर आता एनसीएलएटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरण. दूरसंचारातले वाद सुरुवातीला ट्रायच सोडवायची, २००० च्या दुरुस्तीने ते काम टीडीसॅट या दूरसंचाराच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिलं. आणि अपील न्यायाधिकरण तपासणार काय, तर आदेशातली कारणं. कारणंच नसतील तर अपिलात वाचायला काही उरत नाही, प्रकरण परत खाली पाठवायचं आणि दोन वर्षं गेली.

शेवटचं, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाहीतर कारणं लेखी नोंदवून अर्ज फेटाळायचा आणि अपिलाची माहिती अर्जदाराला द्यायची. पहिलं अपील, दुसरं अपील, मग या कायद्याखालचा सेवा हक्क आयोग. कसूर केली तर दंड ५०० ते ५००० रुपये. घरातल्या कोणाचा दाखला किंवा परवानगी अडली असेल तर आधी बघा सेवा अधिसूचित यादीत आहे का. असेल तर या कायद्याखाली अपील, नसेल तर मघाचं ४ (१) (घ). दोन्हींचे नमुना अर्ज मी ऑफिसात देऊन ठेवलेत, झेरॉक्स काढून घ्या. कोणाकडे एका ओळीचं नकाराचं पत्र असेल तर आत्ता घेऊन या, मी खाली थांबतोय.